कप्तान रिज्कचे तेवीस भाग

रमजान आला की आमच्या इमारतीत एक नियम लागू व्हायचा. रिज्क कप्तानासमोर मालिकेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हा नियम खरं तर एकट्या माझ्यासाठी होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी फौकिया. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या समोरच्याच दारात राहते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

रिज्क आमच्या पोर्ट सैदहून पलीकडे पोर्ट फुआदला जाणाऱ्या फेरीबोटीचा कप्तान. कालवा ओलांडायला दहा मिनिटं. पण रमजानात सूर्य मावळायच्या वेळची पाळी कुणालाच नको असते. सगळं गाव ताटावर बसलेलं आणि आपण रिकामी बोट घेऊन इकडून तिकडे. दहा वर्षांपूर्वी रिज्क स्वतःहून कचेरीत जाऊन बाकीच्या कप्तानांना म्हणाला, "तुमच्या घरी लहान लेकरं आहेत. आम्ही दोघंच. आमचं ताट कधीही वाढलं तरी चालतं. ती पाळी मला द्या." तेव्हापासून रमजानचा अख्खा महिना दुपारी तीन ते रात्री नऊ तो बोटीवर. चाकाशी उभा राहूनच खजूर खायचा, पाणी प्यायचा आणि भोंगा वाजवायचा.

त्याची बायको इनशिराह घरी एका खजुरावर रोजा सोडायची आणि तशीच थांबायची. तो आल्यावर दोघं मिळून जेवायची. मी कितीदा म्हटलं असेल, "अगं, निदान सूप तरी पी!" तर म्हणायची, "एकटीला गिळवत नाही गं."

आता मालिकेचं. इफ्तारनंतर सात वाजता मोठी मालिका लागते, तीस दिवस, तीस भाग. रिज्कला मालिकांचं भयंकर वेड, आणि त्या वेळी हा पाण्यात. मग त्याच्या चुलतभावाने एका जहाजावरच्या खानसाम्याला दोन पोती कांदे देऊन एक रेकॉर्डर मिळवला. काळा, चपटा, आत हार्ड डिस्क असलेला. कॅसेट नको, काही नको. इनशिराह रोज सातला बटण दाबायची, लाल दिवा लागायचा, भाग आत जाऊन बसायचा. रिज्क मात्र रोज एकेक बघायचा नाही. "मी काय चमच्या-चमच्याने खाणारा माणूस आहे?" असं म्हणायचा. ईदची रजा लागली की पायजम्यावर बसून, सूर्यफुलाच्या बिया फोडत, तीसच्या तीस भाग सलग. तोवर सगळ्या गावाने गप्प बसायचं. बोटीवर दोर सांभाळणारा गडी तर कप्तान खाली उतरताना दिसला की ओरडायचा, "गप्प बसा रे, आला!" आणि बाकांवरच्या बायका पटकन कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या.

त्या वर्षीची मालिका म्हणजे 'जाळं'. खलील नावाचा एक जाळी विणणारा. त्याचा सख्खा भाऊ मुतवल्ली बोटमालकाचं सोनं चोरतो आणि आळ खलीलवर येतो. सात वर्षं तुरुंग. बाहेर त्याची वाट बघत बसलेली जमर्रुदा, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेला बोटमालक. मी तर रोज रडायचे. तळमजल्यावरचे वजीह उस्ताज, शाळेत चाळीस वर्षं अरबी शिकवून निवृत्त झालेले, म्हणायचे, "पात्रं अशुद्ध बोलतात, मी बघत नाही." पण सात वाजता त्यांच्याही खिडकीतून तोच आवाज यायचा.

बाविसाव्या संध्याकाळी इनशिराहने माझं दार असं ठोठावलं, की मला वाटलं आग लागली.

"फौकिया, चल लवकर. तो काहीतरी बोलतोय."

"कोण?"

"रेकॉर्डर!"

खरंच बोलत होता. टक्, टक्, टक्, मग एक कण्हल्यासारखा आवाज, परत टक्, टक्. टीव्हीच्या पडद्यावर एक निळी पाटी अडकून बसली होती, ती हलेना. लाल दिवा लागेना. आम्ही दोघी माझ्या घरी धावलो आणि भाग माझ्या टीव्हीवर पाहिला, पण तिचं लक्ष कुठे होतं! जमर्रुदा बोटमालकाच्या तोंडावर अंगठी फेकते, तो प्रसंग, आणि ही बाई आपल्याच बोटातली अंगठी गोल गोल फिरवत बसलेली.

आता सांगायला हवं की इनशिराह काही मशीन पाहून घाबरणारी बाई नाही. शर्टांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ती शिलाई मशीनची मेकॅनिक होती. तीनशे मशीनी आणि ही एकटी. पुरुष मेकॅनिक हिला विचारायला यायचे. पण त्या संध्याकाळी ती जमिनीवर बसून रेकॉर्डरवरचं क्रोशाचं कापड उचलून बघत होती. ते तिनेच विणलेलं. त्यावर पितळी फानूस ठेवलेला.

"वरच्या फटींतून ह्याला श्वास घ्यायचा होता," ती म्हणाली. "आणि मी त्याच्यावर गोधडी घातली. शोभेसाठी! कारखान्यात कुणी मोटारीवर कापड टाकलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते."

"अगं, मशीन आहे, मरते."

"हे मरत नव्हतं. मी मारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिज्क झोपलेला असताना ती रेकॉर्डर चादरीत गुंडाळून माझ्या घरी घेऊन आली. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ईदनंतर. रमजानात सगळ्यांच्याच डिश बिघडतात. मग इनशिराहने बाह्या वर केल्या.

वीज काढून ती अर्धा तास नुसती थांबली. "आत वीज साठून राहते. घाई केली की चावते." मागचे चार स्क्रू चांदणीच्या तोंडाचे होते. तिच्या पेटीत तसला डिसमिस होता, बारीक, कारखान्यातला. झाकण सरकवलं. आत धूळ अशी, की फरशीवर सांडलेलं पीठ. तिने रंगाच्या मऊ कुंचल्याने ती झाडली. मधोमध एक जाडसर चकचकीत वीट बसवलेली, रबराच्या चार बुटांवर.

"ही हार्ड डिस्क. हिच्यातच बसलेत आपले खलील आणि जमर्रुदा."

"मग उघड ना, काढ त्यांना बाहेर!"

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "ही उघडली की संपली. आत हवेचा कण गेला तरी चालत नाही. हिला बदलायची."

दुपारी आम्ही शताकडे गेलो. हाज शता म्हणजे बंदराच्या मागे जहाजांतून उतरलेल्या जुन्या सामानाचं गोदाम चालवणारा म्हातारा. त्याच्याकडे जुने कॉम्प्युटर डाळीच्या पोत्यांसारखे रचलेले. इनशिराहने मेलेली डिस्क दाखवली आणि म्हणाली, "हाज, हिची बहीण द्या."

"सख्खी की चुलत?"

"सख्खी. ह्याच चपट्या पट्टीची वायर लागली पाहिजे, आणि माप हेच. उगाच मोठी देऊ नका, ह्या डब्याला ती ओळखता येणार नाही."

शताने चष्मा कपाळावर चढवला. "कोणी शिकवलं गं हे सगळं?"

"शिलाई मशीनने. बॉबिन चुकीचं बसवलं की मशीन चालते, पण टाका पडत नाही."

त्याने तीन काढून दिल्या, आपल्या टेबलावर एकेक लावून कानाशी धरून ऐकल्या आणि एक पुढे सरकवली. "ही गप्प आहे. गप्प असलेली घ्यावी." बोलता बोलता माझ्याकडे का बघितलं, ते त्यालाच ठाऊक. इनशिराहने विचारलं, जुनीतलं काही काढता येईल का? त्याने ती कानाशी धरली, टक्-टक् ऐकलं आणि मान हलवली. "कैरोत असली कामं करणारे आहेत म्हणतात. पण बाई, ही आतून खरवडली गेलीय. आशा लावून घेऊ नकोस."

घरी येऊन तिने नवी डिस्क बसवली, वायरी लावल्या, चालू केलं. तोच निळा पडदा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा निळा. संध्याकाळ झाली, तेविसावा भागही हुकला. ती जेवली नाही. रिज्क आला तेव्हा तिने सांगितलं, डोकं दुखतंय. त्याने लिंबू-पुदिना उकळून दिला आणि तिच्या उशाशी बसून बोटीवरच्या गमती सांगितल्या, आणि त्यामुळे तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. सांगता सांगता तिने जुनी आणि नवी डिस्क शेजारीशेजारी ठेवल्या होत्या आणि दोन्हींच्या पाठीकडे टक लावून बघत होती. एकदम तिने चिमटा मागितला.

"भुवयांचा आणू?"

"कुठलाही आण!"

दोन्ही डिस्कच्या मागे सुयांसारख्या पिनांची ओळ होती, आणि त्यातल्या दोन पिनांवर एक चिमुकली काळी टोपी. जुनीवर ती पहिल्या जोडीवर होती, नवीवर तिसऱ्या. "ही नवी बाई आधी कुठल्यातरी कॉम्प्युटरात दुय्यम डिस्क होती," इनशिराह म्हणाली. "हिला अजून कुणी सांगितलंच नाही की आता घर तुझंच." माझ्या भुवयांच्या चिमट्याने तिने ती टोपी उचलली, पहिल्या जोडीवर बसवली. चालू केलं.

बारीक घूं झालं. निळी पाटी आली, हलली, गेली. पडद्यावर प्रश्न आला, नवी डिस्क पुसून तयार करायची का? तिने होय दाबलं. एक पट्टी सरकत सरकत शंभरावर पोहोचली. मी अशी किंचाळले की खालून वजीह उस्ताज धावत आले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. तिने पाच मिनिटं बातम्या रेकॉर्ड करून परत लावून दाखवल्या. आम्ही तिघांनी त्या बातम्यांना टाळ्या वाजवल्या. कांद्याच्या पिकाची बातमी होती.

मग इनशिराहने यादी उघडली. यादीत एकच ओळ. बातम्या. बाकी सगळं पांढरं.

"आजपासून सात भाग मिळतील," ती म्हणाली. "आधीचे तेवीस गेले. फौकिया, त्याला मी सांगणार आहे, पण रात्री, तो जेवल्यावर. तोवर तुझ्या पाया पडते..."

"माझ्या तोंडाला कुलूप!" मी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं होतं.

पण त्या दुपारी मला पोर्ट फुआदला बहिणीकडे जायचं होतं. बोटीवर चढले तर वर चाकाच्या खोलीतून रिज्कने हात केला. "ये फौकिया, वर ये! सावलीत बस." गेले. तो इतका खुशीत, की काय सांगू. म्हणाला, "सहा दिवस! मोजतोय मी. काल एक बाई बाकावर नुसती 'हाय रे खलील' म्हणाली आणि मी कान बंद करून भोंगा वाजवला. सगळे घाबरले, वाटलं समोरून जहाज आलं." आणि खदखदून हसला.

मी काय केलं असेल? रडायला लागले. मधोमध कालव्यात, भरदुपारी, भोकाड पसरून.

त्याने वेग कमी केला. "कोण गेलं?"

"खलील गेला! जमर्रुदा गेली! सगळे गेले, कप्तान, तेवीसच्या तेवीस! डिस्क जळली आणि ती म्हणते मीच मारलं, क्रोशाच्या कापडाने, आणि तीन दिवस झाले, नीट जेवली नाही, आणि नवी बसवलीये तिने, माझ्या भुवयांच्या चिमट्याने..."

"थांब, थांब. इनशिराह बरी आहे ना?"

"बरी कसली, रडतीये!"

"आजारी नाही ना?"

"नाही."

त्याने सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो. मग बोट धक्क्याला लावली, माणसं उतरू दिली, आणि माझ्याकडे वळला. "फौकिया, तू तेवीसही भाग बघितलेस?"

"एकही चुकवला नाही."

"वजीह उस्ताजांनी?"

"ते म्हणतात बघत नाही. म्हणजे सगळे बघितलेत."

"मग गेलं कुठे काय? सगळं आहे की तुमच्या डोक्यांत. दहा वर्षं तुमची तोंडं बंद ठेवली मी. आता उघडा."

रात्री इनशिराह हात पुसत, घसा साफ करत त्याच्यासमोर बसली तर तो म्हणाला, "मला कळलंय. आधी जेव." तिने एकच शब्द उच्चारला, "फौकिया!" आणि तो दोन दारांपलीकडे मला स्वच्छ ऐकू आला. पण त्या रात्री ती पोटभर जेवली. ताटं वाजत होती बराच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून रोज बारा ते अडीच त्यांच्या घरी बैठक. सहा दुपारी आणि तेवीस भाग. पहिल्या दिवशी मी नुसतं सांगायला बसले. दहा मिनिटांत वजीह उस्ताजांनी अडवलं. "खलील असं म्हणालाच नाही. तो म्हणाला..." आणि उठून उभे राहिले, पोट पुढे, हात छातीवर, "हे बंधो! ज्या हातांना मी जाळं विणायला शिकवलं, तेच हात आज माझ्याभोवती जाळं विणत आहेत!"

"इतकं शुद्ध नव्हता बोलला तो," मी म्हटलं.

"बोलायला हवं होतं."

रिज्क जमिनीवर उशीला टेकून बसलेला, डोळे लहान पोरासारखे. "उस्ताज, तुम्हीच खलील. ठरलं." अशा प्रकारे सव्वाशे किलोचे, रोजा नसूनही आमच्यासमोर कधी पाण्याला न शिवणारे आमचे ख्रिस्ती उस्ताज तुरुंगात गेले. मी जमर्रुदा. इनशिराह उंच, म्हणून मुतवल्ली तीच आणि बोटमालकही तीच. मुतवल्ली असताना कोळशाची मिशी, बोटमालक असताना रिज्कची कप्तानाची टोपी. पहिल्या दिवशी ती लाजत होती, भिंतीकडे बघून बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिने सोनं चोरताना असं काही डोळे फिरवले की रिज्क ओरडला, "अगं चोरटे! एकवीस वर्षं माझ्या घरात राहतेस आणि मला पत्ता नाही!"

चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची बिऱ्हाडं येऊन दारात उभी राहिली. त्यांनी सगळे भाग पाहिलेले होते, तरी आले. शेवटच्या दुपारी अंगठी फेकायचा प्रसंग आला तेव्हा मी इनशिराहचीच अंगठी घेतली आणि फेकली, ती तिच्या नाकाला लागून सोफ्याखाली गेली. सगळे गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. रिज्क हसत हसत सोफा उचलत म्हणाला, "मालिकेत पण असंच झालं?"

"नाही, तिथे बाई नेमबाज होती," उस्ताज म्हणाले.

त्या दिवशी रिज्क पाळीवर पाच मिनिटं उशिरा पोहोचला. दहा वर्षांत पहिल्यांदा. बोटीवरच्या लोकांनी कारण विचारलं तर म्हणाला, "खलीलला वकील मिळत नव्हता."

चोविसावा भाग, पंचविसावा, सगळे नव्या डिस्कमध्ये नीट जात होते. रेकॉर्डर आता उघड्या टेबलावर होता, अंगावर चिंधीसुद्धा नाही, आणि इनशिराह येता-जाता त्याच्या पाठीवर हात ठेवून तापलाय का बघायची.

ईदच्या सकाळी नमाज झाली, काहक बिस्किटांवरच्या पिठीसाखरेने सगळ्यांच्या छात्या पांढऱ्या झाल्या, आणि आम्ही त्यांच्या घरी जमलो. रिज्क पायजम्यावर. बिया तयार. इनशिराहने बटण दाबलं. चोविसावा भाग. तुरुंगाचं दार उघडलं आणि हिरव्या डोळ्यांचा एक सडपातळ तरुण बाहेर आला.

रिज्कने चित्र थांबवलं. "हा कोण?"

"खलील," आम्ही म्हटलं.

"हा? ह्याला तर वाराच उचलून नेईल." त्याने उस्ताजांकडे बघितलं, मग पडद्याकडे. "ह्याच्याने तुरुंगाच्या गजांना टक्कर झेपणार कशी?"

"कॅमेरा माणसाला बारीक करतो," उस्ताज गंभीरपणे म्हणाले.

मग जमर्रुदा आली, वीस वर्षांची, कमरेपर्यंत केस. रिज्कने माझ्याकडे बघितलं नाही. सभ्य माणूस आहे. मुतवल्ली आल्यावर मात्र तो म्हणाला, "छे! हा कसला चोर! इनशिराह, तूच बरी होतीस." आणि ती अशी लाल झाली की काहकचं ताट तिने दोनदा सगळ्यांपुढे फिरवलं.

सात भाग व्हायला अख्खा दिवस गेला, कारण दर पाच मिनिटांना तो थांबवायचा आणि वाद घालायचा. आम्हाला शेवट ठाऊक होता, त्यामुळे आम्ही पडद्याकडे बघतच नव्हतो. आम्ही त्याच्याकडे बघत होतो. शेवटच्या भागात खलील भावाच्या दाराशी येऊन उभा राहतो. रिज्कने पुन्हा थांबवलं.

"कुणी बोलू नका. मी सांगतो काय होणार. आता हा दार लाथेने तोडणार. भावाला ओढत धक्क्यावर नेणार. सगळ्यांसमोर त्याच्या तोंडातून वदवून घेणार. सात वर्षं, महाराजा! सात वर्षं!"

मी तर ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

त्याने बटण दाबलं. खलीलने दार वाजवलं. मुतवल्लीने उघडलं, आणि तो जागच्या जागी थिजला. खलील आत गेला, कोपऱ्यातलं फाटकं जाळं ओढून घेतलं, खिशातून लाकडी सुई काढून भावाच्या हातात दिली आणि दुसऱ्या टोकाशी बसला. दोघं विणायला लागले. मग मुतवल्लीची एक गाठ सैल पडली, पुन्हा मारली, पुन्हा सैल.

बियांची वाटी रिज्कच्या मांडीवरून कलंडली. इनशिराहने खांद्यावरचा टॉवेल काढून त्याला दिला, त्याने तो तोंडावर घेतला आणि आतून म्हणाला, "मागे घे."

"कुठवर?"

"दार वाजवतो तिथवर."

तिने मागे घेतलं. पुन्हा बघितलं. दुसऱ्यांदा उस्ताजही रडले, अगदी अशुद्ध रडले. तिसऱ्यांदा लावेपर्यंत कुणीतरी खारवलेली मासळी उघडली होती, कांद्याची पात धुवून आली होती, सगळ्यांच्या हातात भाकरीचे तुकडे होते, आणि रिज्क टॉवेल गळ्यात अडकवून, तोंड भरलेलं असताना, पडद्यातल्या मुतवल्लीला समजावत होता, "अरे गाठ घट्ट मार ना, बाबा! अशी सैल गाठ टिकते होय पाण्यात?"